पोट पुन्हा पुन्हा का बिघडतं, आणि कॅन्सरची भीती कधी खरी मानायची?

(एका सार्वजनिक व्याख्यानमालेत पोटविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



संध्याकाळची वेळ आहे. तुमच्यापैकी बरेच जण इथून घरी जाऊन जेवणार आहात आणि मी तासभर संडासाबद्दल बोलणार आहे. म्हणून आधीच माफी मागून ठेवतो.

विषय जाहीर झाल्यावर संयोजकांनी लेखी प्रश्न मागवले होते. चिठ्ठ्या भरपूर आल्या, पण बहुतेकांवर नावच नाही. मधुमेहावर बोलायला गेलो की लोक नाव, वय, साखरेचा आकडा सगळं लिहून देतात. इथं मात्र "एक श्रोता". आपल्याकडे आजही पोटाबद्दल बोलताना माणूस "पोट साफ होत नाही" इथपर्यंत येतो आणि थांबतो. शौचाला किती वेळा जातो, कशी होते, रक्त पडतं का, हे डॉक्टरलाही सांगत नाही. बायकोला नाही, मुलाला तर नाहीच. त्या न सांगण्याची किंमत किती असते, त्यावर मी येणारच आहे.

चिठ्ठ्यांमधला प्रश्न मात्र जवळजवळ एकच आहे. "वर्ष-दोन वर्षं झाली. कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ. मुरडा येतो, पोट फुगतं. औषध घेतलं की बरं वाटतं, महिन्याभरात पुन्हा तेच. कॅन्सर तर नसेल?"

उत्तर द्यायच्या आधी दोन माणसांची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दोन फायली

पहिला एकतीस वर्षांचा मुलगा. आयटीत काम करणारा. आला तेव्हा काखेत जाडजूड फाईल. चार सोनोग्राफी, दोन कोलोनोस्कोपी, एक सीटी स्कॅन, दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या. सगळं नॉर्मल. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी तीन-तीनदा जावं लागतं, पोटात कळ येते, जाऊन आलं की थांबते. रात्री मात्र शांत झोप लागते. म्हणजे, लागली असती. हा रात्री दोनपर्यंत मोबाईलवर लक्षणं शोधत बसायचा. मला म्हणाला, "सर, इतका त्रास होतोय म्हणजे काहीतरी मोठंच असणार ना?"

दुसरे एसटीतले कंडक्टर. वय छप्पन्न. ते पोटासाठी आलेच नव्हते. "थकवा येतो, जिना चढताना दम लागतो," एवढीच तक्रार. हिमोग्लोबिन निघालं ८.४. तेव्हा मी प्रॅक्टिसमध्ये नवा होतो. वेळीअवेळी जेवण, बाहेरचं खाणं, आपल्याकडे रक्त कमी असलेली माणसं काही थोडी नाहीत. मी लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध दिलं. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन साडेदहा झालं. मी खूश, ते खूश. सात महिन्यांनी परत आले तेव्हा पोटाच्या उजव्या बाजूला खाली हाताला गाठ लागत होती. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाचा कॅन्सर, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेला. ऑपरेशन झालं, केमोथेरपी झाली. त्यांनी पुढं चार वर्षं काढली.

चूक माझी होती. लोह कमी पडतंय म्हणून मी लोह दिलं, पण ते जातंय कुठं, हे विचारलं नाही.

ज्याला प्रचंड त्रास होता त्याला कॅन्सर नव्हता. ज्यांना कॅन्सर होता त्यांना पोटाचा त्रासच नव्हता. आज मला जे सांगायचंय ते याच दोन फायलींत आहे: त्रास किती होतो आणि भीती किती वाटते, यावरून कॅन्सर ठरत नाही. तो ठरतो काही ठरावीक खुणांवरून. त्या खुणा ओळखायला शिकलो तर ज्याला तपासणीची गरज आहे तो वेळेत पोचेल, आणि ज्याला नाही त्याची भीतीतून सुटका होईल.

भीतीनं आतडं आखडतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे

आधी त्या मुलाचं पाहू. आपलं मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब. छोट्या आतड्यातून आलेल्या पातळ चोथ्यातलं पाणी शोषून घेणं आणि उरलेला भाग पुढं ढकलणं, हे त्याचं काम. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं आणि ते मेंदूशी दोन्ही बाजूंनी बोलत असतं. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोटात गोळा येतो, मुलाखतीच्या आधी दोनदा जावं लागतं, हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय.

१९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये, कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात थॉमस आल्मी नावाचे डॉक्टर यावर काम करत होते. त्यांनी एक प्रयोग केला. वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून तयार झाला. गुदद्वारातून नळी घालून त्याच्या आतड्याचा शेवटचा भाग बघत असताना, त्याला असं भासवण्यात आलं की आत कॅन्सर दिसतोय. डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर त्याचं आतडं लालबुंद झालं आणि आकसून गेलं. नंतर त्याला सांगितलं की हे सगळं खोटं होतं, तुला काहीही झालेलं नाही. तेव्हा ते आतडं पुन्हा सैल पडलं.

आज असला प्रयोग कुठलीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून दिसलेली गोष्ट महत्त्वाची आहे. कॅन्सरच्या भीतीनं निरोगी आतडंसुद्धा आखडू शकतं. आतडं आखडलं की कळ येते, कळ आली की भीती वाढते, भीती वाढली की आतडं आणखी आखडतं. माझा तो मुलगा या चक्रात दोन वर्षं फिरत होता.

दुसरी गोष्ट कळली १९७३ साली. रिची नावाच्या संशोधकानं आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून तो हळूहळू फुगवला. साठ मिलिलिटर हवेला निरोगी माणसांपैकी शंभरात सहा जणांना दुखलं. पण असा वारंवार पोट बिघडणारा त्रास असलेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त लोकांना दुखलं. तेवढीच हवा, तेवढाच फुगा. म्हणजे या लोकांचं आतडं आतून नुसतं "नॉर्मल" दिसत असलं तरी त्याच्या संवेदनांचा आवाज मोठा करून ठेवलेला असतो. म्हणून "तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. त्याला दुखतंय, आणि ते खरंच दुखतंय.

या विकाराला आम्ही इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, थोडक्यात आयबीएस म्हणतो. सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून शेवटी चिकटवायचं हे लेबल नाही. त्याचे निकष ठरलेले आहेत, त्यांना रोम निकष म्हणतात. २०१६ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे, गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखणं आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असणं: जाऊन आल्यावर दुखण्यात फरक पडणं, जाण्याची संख्या बदलणं किंवा शौचाचं स्वरूप बदलणं. यातल्या किमान दोन गोष्टी असायला हव्यात आणि त्रास सुरू होऊन किमान सहा महिने झालेले असावेत. वर्षानुवर्षं कमीजास्त होत राहणं, प्रवासात, भांडणात, परीक्षेत वाढणं, चिकट आव पडणं, पण झोपेतून उठवून न्यायला न लावणं, हे त्याचं नेहमीचं वागणं. पुष्कळांमध्ये याची सुरुवात एखाद्या जोरदार जुलाबाच्या आजारानंतर होते.

आणखी एक. "रोज सकाळी एकदा, पोट पूर्ण साफ" हीच निरोगीपणाची खूण, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. वैद्यकशास्त्रात दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, हे सगळं नॉर्मलमध्ये बसतं. प्रश्न "किती वेळा" हा नसतो, "माझ्या नेहमीच्यापेक्षा काय बदललं" हा असतो.

कॅन्सर गुपचूप का वाढतो?

आता कंडक्टरकाकांकडे येऊ. मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेक वेळा एका छोट्या मोडासारख्या गाठीतून सुरू होतो. तिला पॉलिप म्हणतात. सगळ्या पॉलिपचा कॅन्सर होत नाही. पण ज्यांचा होतो त्यांनाही साधारण दहा वर्षं लागतात. या दहा वर्षांत दुखत नाही, कळ येत नाही. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं किंवा भाजल्याचं दुखणं कळतच नाही. कळतो तो ताण, आतडं फुगल्याचा किंवा आखडल्याचा. म्हणून पॉलिप दुर्बिणीतून काढताना माणसाला दुखत नाही, आणि नेमकं त्याच कारणानं पॉलिप वाढतानाही दुखत नाही.

पुढं काय होणार, ते जागेवर अवलंबून. उजवीकडचं आतडं रुंद, त्यातला मळ पातळ. तिथं गाठ वाढली तरी रस्ता अडत नाही. थोडं थोडं रक्त झिरपतं, शौचात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. महिनोन्‌महिने असं चाललं की हिमोग्लोबिन उतरतं. कंडक्टरकाकांचं हेच झालं होतं. डावीकडचं आतडं अरुंद, मळ घट्ट. तिथं गाठ झाली की सवय बदलते. कालपर्यंत नियमित असलेल्या माणसाला बद्धकोष्ठ सुरू होतं, मध्येच जुलाब होतात. आणि गाठ अगदी शेवटी, गुदाशयात असेल तर रक्त पडतं, आणि जाऊन आल्यावरही "अजून राहिलंय" असं सतत वाटतं.

पाश्चात्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण कमी आहे. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १९ लाख नवे रुग्ण, भारतात त्यातले सत्तर हजारांच्या आसपास. पण दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. आपल्याकडे गुदाशयाच्या कॅन्सरचा वाटा तुलनेनं मोठा आहे. आणि आपले बरेच रुग्ण चाळिशी-पन्नाशीतले असतात. म्हणून "म्हाताऱ्यांचा आजार" असं म्हणून सोडून देता येत नाही. 'ब्लॅक पँथर' सिनेमातला चॅडविक बोजमन २०२० साली या आजारानं गेला, तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता.

वेळेत सापडला तर काय फरक पडतो? अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार कॅन्सर आतड्यापुरताच असताना सापडलेल्या शंभरांपैकी नव्वदच्या आसपास लोक पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. लांबच्या अवयवांत पसरल्यावर सापडला तर हाच आकडा पंधराच्या आसपास येतो.

या खुणा लिहून घ्या

कागद-पेन असेल तर हे लिहून घ्या. यातली एक जरी खूण असेल तर "बघू, पुढच्या महिन्यात" असं करायचं नाही.

एक, शौचातून रक्त पडणं. वय काहीही असो, तपासणी हवीच. बीट खाल्ल्यावर लाल होतं आणि लोहाच्या गोळ्यांनी काळी होते, ते वेगळं. पण डांबरासारखी काळी, चिकट, घाणेरड्या वासाची शौच म्हणजे वरच्या भागातला रक्तस्राव असू शकतो. त्यात एक दिवसही घालवू नका.

दोन, कारण न सापडलेला रक्तक्षय. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं तर आधी पोट तपासायचं. गोळ्या जरूर घ्या, पण "कुठून जातंय" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

तीन, प्रयत्न न करता वजन उतरणं.

चार, पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलणं आणि ते चार-सहा आठवडे टिकणं. विसाव्या वर्षापासून तसाच चालत आलेला त्रास वेगळा, पन्नासाव्या वर्षी नव्यानं सुरू झालेला वेगळा.

पाच, झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं.

सहा, ताप, किंवा पोटात हाताला लागणारी गाठ.

सात, आई-वडील, भाऊ-बहीण किंवा मुलं यांच्यापैकी कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणं.

ही यादी म्हणजे कॅन्सरची यादी नव्हे, हेही लिहून घ्या. या खुणा असलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतोच. मूळव्याध, भेग, आतड्याचे दाहाचे आजार, असं काहीतरी निघतं. यादीचा अर्थ एवढाच की इथं अंदाज चालत नाही, आत बघावं लागतं.

आपल्याकडची काही खास गुंतागुंत

परदेशातलं वाचून इथल्या पोटाचं निदान करता येत नाही, त्याचं एक मोठं कारण म्हणजे आतड्याचा क्षय, म्हणजे टीबी. छोटं आणि मोठं आतडं जिथं जुळतं तिथं तो जास्त होतो. वजन उतरणं, संध्याकाळचा ताप, जेवल्यानंतर कळ, पोटात गुडगुड. कधीकधी तो कॅन्सरसारखा दिसतो, कधी क्रोन नावाच्या आजारासारखा. तुकडा काढून तपासल्याशिवाय फरक कळत नाही. आणि टीबी औषधांनी बरा होतो. म्हणजे भीतीपोटी तपासणी टाळणारा माणूस कधीकधी बरा होणारा आजार अंगावर काढत असतो.

दुसरी गुंतागुंत म्हणजे "अमिबा". आपल्याकडे पोट बिघडलं की "आव झालीय" म्हणतात आणि मेडिकलमधून जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी येते. अमिबाचा आमांश असतो, नाही असं नाही. पण वर्षातून सहा वेळा एकाच माणसाला अमिबा होत असेल तर तो बहुधा अमिबा नाहीये. दर वेळी चार दिवस बरं वाटतं आणि खरं निदान पुढं ढकललं जातं.

तिसरी गोष्ट दूध. आपल्यापैकी पुष्कळांना मोठेपणी दुधातली साखर पचत नाही. दोन आठवडे दूध आणि दुधाचा चहा बंद करून बघा. कुणाचा दोन वर्षांचा त्रास तेवढ्यानं निम्मा होतो. ताक आणि दही मात्र बहुतेकांना चालतं.

कुठली तपासणी काय सांगते?

इथं लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून स्पष्ट बोलतो.

सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड चांगलं दिसतं. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर त्यात दिसत नाही. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे आतडं ठीक आहे" हे समाधान खोटं आहे.

"कॅन्सरची रक्ततपासणी" म्हणून पॅकेजमध्ये सीईए नावाची तपासणी असते. ती निदानासाठी नाहीच. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये ती नॉर्मल येऊ शकते आणि सिगारेट ओढणाऱ्या धडधाकट माणसात वाढलेली असू शकते. निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी तिचा उपयोग.

उलट, अत्यंत स्वस्त आणि अत्यंत दुर्लक्षित तपासणी म्हणजे गुदद्वारातून बोट घालून केलेली तपासणी. एक मिनिट लागतं. गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ बोटाला लागते. आपल्याकडे गुदाशयाचे कॅन्सर तुलनेनं जास्त आहेत, म्हणून तिचं महत्त्वही जास्त. डॉक्टरला संकोच वाटतो, रुग्णाला लाज वाटते आणि दोघंही मलमावर तडजोड करतात. रक्त पडत असेल तर तुम्हीच विचारा, "डॉक्टर, बोटानं तपासायला हवं का?" बायकांनी स्त्री डॉक्टरकडे जावं, सोबत नर्स असू द्यावी. पण तपासणी सोडू नये.

त्यानंतर साधा रक्ताचा सीबीसी, गरजेप्रमाणे थायरॉईड आणि शौचाची तपासणी. शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचं प्रथिन मोजता येतं. ते वाढलेलं असेल तर आतड्यात दाह आहे असा संशय येतो. नॉर्मल असेल तर आयबीएसकडे पारडं झुकतं. डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची तपासणीही असते.

आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या डॉक्टरांनी दुर्बिणीतूनच पॉलिप काढून दाखवला, आणि या तपासणीचं रूप बदललं. पूर्वी ज्यासाठी पोट उघडावं लागायचं ते अर्ध्या तासात होऊ लागलं. म्हणजे ही तपासणी कॅन्सर नुसता शोधत नाही, पॉलिप काढून टाकून तो होण्याआधीच थांबवतेही. अमेरिकेत २०२१पासून कुठलीही तक्रार नसली तरी पंचेचाळिशीला तपासणी सुरू करा असं सांगतात. आपल्याकडे या कॅन्सरसाठी तशी सरसकट राष्ट्रीय तपासणी नाही. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कॅन्सर तपासतात. म्हणून आतड्याच्या बाबतीत जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या डॉक्टरवर येते.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईची भीती

आतापर्यंत ऐकून कुणी म्हणेल, डॉक्टर म्हणतात भीतीला किंमत देऊ नका. नाही, तसं मी म्हणत नाही. १८९५ साली अमेरिकेत, मिशिगनमध्ये, पॉलिन ग्रॉस नावाची शिवणकाम करणारी बाई डॉक्टर आल्ड्रेड वॉर्थिन यांना भेटली. ती म्हणाली की मी तरुणपणीच कॅन्सरनं मरणार, कारण माझ्या घरात सगळे तसेच गेले. दुसरा कुणी असता तर "मनात आणू नका" म्हणून वाटेला लावलं असतं. वॉर्थिन यांनी तिच्याकडून घराण्याची माहिती गोळा करवून घेतली आणि १९१३ साली ती प्रसिद्ध केली. पिढ्यान्‌पिढ्या पोटाचे, आतड्याचे, गर्भाशयाचे कॅन्सर. ती बाई पुढं खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरनं गेली. साठच्या दशकात हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचं काम पुढं नेलं आणि आज त्या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात. आतड्याच्या शंभर कॅन्सरमागे साधारण तीन त्यातले असतात.

त्या बाईच्या भीतीला आधार होता, घरातली माणसं. म्हणून भीती वाटली तर तिला विचारा, "तुझ्याकडे आधार काय आहे?" खुणांच्या यादीतलं काही असेल तर भीतीचं ऐका. फक्त "खूप त्रास होतोय" एवढंच असेल, तर एकदा नीट तपासून घ्या आणि मग थांबा.

हे थांबणं अवघड असतं. कोलोनोस्कोपी नॉर्मल आली की आठ दिवस बरं वाटतं, नवव्या दिवशी शंका येते, "एखादी गाठ राहिली असेल तर?" पण नीट झालेली नॉर्मल कोलोनोस्कोपी, घरात इतिहास नसेल तर, साधारण दहा वर्षं पुरते. माझ्या त्या मुलाला मी तिसरी कोलोनोस्कोपी नाकारली. त्याऐवजी दोघांनी कागदावर लिहिलं, काय झालं तर पुन्हा तपासायचं: रक्त, वजन, हिमोग्लोबिन, रात्रीचा त्रास. दर सहा महिन्यांनी वजन आणि सीबीसी. रात्री मोबाईल बंद. इसबगोल हळूहळू वाढवत. काही आठवडे कांदा, लसूण, गहू आणि कडधान्यं आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानं कमी करून, मग एकेक परत आणत. असा आहार जन्मभर करायचा नसतो. अगदी कमी मात्रेत आतड्याच्या नसा शांत करणारं औषध. ते मूळचं नैराश्यावरचं औषध आहे, म्हणून घरच्यांनी नाक मुरडलं. "मनाची गोळी कशाला?" म्हणे. मी त्यांना आल्मींचा प्रयोग सांगितला. तो पूर्ण बरा झाला असं नाही. आजही परदेशी जायच्या आदल्या दिवशी त्याचं पोट बिघडतं. पण आता तो फाईल घेऊन येत नाही, एक पानाची चिठ्ठी घेऊन येतो.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: रक्त लालभडक आहे, थेंब थेंब पडतं. म्हणजे मूळव्याधच ना?

उत्तर: बहुधा हो. पण "बहुधा" हा शब्द तपासणीनंतर काढायचा असतो, आधी नाही. शिवाय मूळव्याध आहे म्हणून वर दुसरं काही नसेलच असं नाही. दोन्ही एकाच माणसाला असू शकतात. बोटानं तपासणी, छोट्या नळीनं बघणं, आणि वय पंचेचाळीसच्या पुढं असेल किंवा इतर खुणा असतील तर कोलोनोस्कोपी. हे न करता महिनोन्‌महिने पुड्या आणि मलम चालू ठेवू नका.

प्रश्न: माझ्या वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. मी छत्तीस वर्षांची आहे. त्रास काही नाही.

उत्तर: ताई, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. साधारण नियम असा की चाळिसाव्या वर्षी, किंवा घरच्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करायची. तुमच्यासाठी ते अडतिसावं वर्ष होतं. वडिलांच्या बहीण-भावांत आणखी कुणाला आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर आणखी आधी, आणि जनुकीय तपासणीचा सल्लाही घ्या. तुमच्या भावालाही सांगा. असं काही सांगायचं म्हटलं की घरात कुणी सांगत नाही.

प्रश्न: कोलोनोस्कोपी खूप दुखते म्हणतात. आणि धोका किती?

उत्तर: बहुतेक ठिकाणी शिरेतून गुंगीचं औषध देतात, त्यामुळे फारसं कळत नाही. खरा त्रास आदल्या दिवसाचा. दोन लिटर किंवा जास्त औषधी पाणी प्यायचं आणि संडासाशेजारी मुक्काम करायचा. पण आतडं स्वच्छ नसेल तर डॉक्टरला काही दिसत नाही, म्हणून ते मनापासून करा. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका निव्वळ तपासणीत हजारात एकाहून कमी असतो, पॉलिप काढताना थोडा जास्त. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर आधी सांगा.

प्रश्न: डॉक्टर पाच मिनिटं देतात. त्यात काय सांगायचं?

उत्तर: दोन आठवडे वहीत लिहा: किती वेळा, घट्ट की पातळ, दुखलं का, झोपेतून उठवलं का, रक्त दिसलं का. दोन ओळी वजनाच्या, सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं. घरात कुणाला काय झालं, एक ओळ. आणि शेवटी न लाजता लिहा, "मला कॅन्सरची भीती वाटते." डॉक्टरला ते कळलं की तो त्याच प्रश्नाचं उत्तर देईल. नाहीतर तो गॅसचं औषध देईल आणि तुम्ही भीती तशीच घेऊन घरी जाल.

बाकीच्या चिठ्ठ्यांना वेळ नाही. पण एक विनंती करतो. आज घरी गेल्यावर जेवताना नको, जेवण झाल्यावर, घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या माणसाला एवढंच विचारा: "पोट ठीक आहे ना? रक्त वगैरे कधी पडत नाही ना?" त्या कंडक्टरकाकांना हे मीही विचारलं नव्हतं, आणि त्यांच्या घरात कुणीच विचारलं नव्हतं.